कुत्र्याचा 'अपराधी चेहरा' खरा असतो का? (प्राण्यांच्या भावना, आपल्या भावना आणि मधला सगळा गोंधळ)

खिडकीतली

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज लिहूनच टाकते. लांबलं तर सांभाळून घ्या.

आमच्याकडे बंड्या नावाचा कुत्रा आहे, वय सहा. गेल्या आठवड्यात संध्याकाळी घरी आले, दार उघडलं, तर नेहमी अंगावर उडी मारणारा प्राणी आलाच नाही. बघते तर साहेब सोफ्याच्या मागे. कान पाडलेले, अंग चोरलेलं, शेपूट पोटाखाली, माझ्याकडे बघायचं टाळतोय आणि मधूनच डोळ्याचा पांढरा भाग दिसेल असा तिरका कटाक्ष टाकतोय. मी म्हटलं "काय केलंस रे?" तर अजूनच लहान झाला. मग शोधाशोध, आणि नवऱ्याच्या चपलेचा अंगठा गायब! झालं, मी चप्पल त्याच्या नाकासमोर धरून दोन मिनिटं लेक्चर दिलं आणि नवरा आल्यावर त्याला म्हटलं, बघ, ह्याला चूक केली की बरोबर कळतं, चेहराच सांगतो.

नवरा म्हणाला, अगं अंगठा सकाळीच तुटला, मीच उपटून केरात टाकलाय.

म्हणजे बंड्याने काहीच केलं नव्हतं! मग तो चेहरा कसला होता? तेव्हापासून डोक्यात भुंगा लागलाय की आपण प्राण्यांचं जे काही 'ओळखतो' त्यातलं नक्की किती खरं असतं. ह्या फोरमवर प्राणी पाळणारे, अभ्यासणारे आणि नुसते वाद घालणारे असे सगळेच आहेत, म्हणून विचारते. तुमचे अनुभव येऊद्यात.

शेपूटवाला

ताई, तुम्ही नकळत एक गाजलेला प्रयोग घरी करून बसलात :)

अलेक्झांड्रा होरोविट्झ ह्या संशोधिकेने 2009 मध्ये नेमका हाच प्रश्न 14 कुत्र्यांवर तपासला होता. मालकाने कुत्र्याला सांगायचं, हा खाऊ खायचा नाही, आणि खोलीबाहेर जायचं. मागे कुत्र्याने खाल्ला की नाही हे मालकाला दिसायचं नाही, आणि परत आल्यावर त्याला जे सांगितलं जायचं ते कधी खरं, कधी साफ खोटं. म्हणजे काही बिचाऱ्यांनी खाऊला तोंडही लावलेलं नसताना ओरडा खाल्ला. निष्कर्ष असा की तो 'अपराधी चेहरा' कुत्र्याने गुन्हा केलाय की नाही ह्यावर अवलंबून नव्हताच, मालक रागावला की नाही ह्यावर होता. आणि गंमत म्हणजे न खाता ओरडा खाल्लेल्यांचा चेहरा जास्त अपराधी दिसला!

कान पाडणं, नजर चुकवणं, अंग चोरणं, ओठ चाटणं, ही सगळी "बाबा, शांत हो" ची भाषा आहे. भीती आणि मनधरणी. त्याला आपण कबुलीजबाब समजतो.

पण एक सांगा, तुम्ही 'काय केलंस' म्हणायच्या आधीच तो सोफ्यामागे होता ना? मग त्याला राग कुठे दिसला?

खिडकीतली

हा प्रश्न नवऱ्याने पण विचारला, आणि वर म्हणाला, दार कसं आपटलंस ते आठव.

खरंय. त्या दिवशी कामावर एकाशी कडाक्याचं भांडण झालं होतं, डोकं तापलेलंच होतं. जिन्यात चावी पडली तेव्हा चावीला पण शिव्या घातल्या. म्हणजे बंड्याने मला दाराबाहेरच वाचली, आणि मी त्याचा चेहरा वाचायला जाऊन साफ तोंडावर पडले.

अडाणी_आनंद

हसून हसून पुरेवाट. चपलेसकट नवऱ्याची पण माफी मागा आता.

मनीमाऊ

माफ करा पण मला हे पटत नाही. चौदा कुत्र्यांवरून जगातल्या सगळ्या कुत्र्यांना मन नाही म्हणायचं? माझ्याकडे आतापर्यंत पाच झाली, प्रत्येकाला सगळं कळायचं. शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेतून बाहेर येऊन एखादं जनावर पोटच्या पोरासारखं वाढवावं, मग बोलावं.

शेपूटवाला

मनीमाऊ, कुत्र्याला मन नाही असं कोण म्हणालं? प्रयोग एवढंच सांगतो की *त्या चेहऱ्यावरून* अपराधीपणा सिद्ध होत नाही. भीती ही काय भावना नाही? उलट मला तर हे जास्त लागतं. इतकी वर्षं आपण घाबरलेल्या जनावराकडे बघून "बघ कसा लाजलाय" म्हणत हसत होतो, व्हिडिओ काढत होतो.

जरा_थांबा

इथे आमच्यासारख्या शंकेखोरांची गरज दिसतेय म्हणून आलो.

लॉइड मॉर्गन नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने 1894 मध्ये एक नियम घालून दिला. प्राण्याच्या वागण्याचा उलगडा साध्या क्षमतेने होत असेल तर उगाच वरच्या पायरीची क्षमता त्याला चिकटवू नका. ह्याचं सगळ्यात देखणं उदाहरण म्हणजे बर्लिनमधला हान्स नावाचा घोडा. मालक फॉन ओस्टेन गणित विचारायचा आणि घोडा खूर आपटून उत्तर द्यायचा. बेरीज, अपूर्णांक, तारखा, काय वाट्टेल ते. 1904 मध्ये तज्ज्ञांनी तपासलं, लबाडी काही सापडली नाही, कारण लबाडी नव्हतीच. मग ऑस्कर फुंग्स्ट ह्या संशोधकाने नीट चाचण्या घेतल्या आणि 1907 मध्ये उलगडा छापला: विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं, किंवा तो घोड्याला दिसत नसला, की घोडा गार. उत्तराचा आकडा जवळ आला की माणसाचं डोकं, खांदे अगदी किंचित हलायचे, ताण सैल व्हायचा, आणि तेवढ्यावर घोडा थांबायचा.

तेव्हा भावनेच्या भरात निष्कर्ष नकोत.

सुई_टोचक

जरा_थांबा, तुम्ही हान्सची गोष्ट शंका घ्यायला सांगितलीत, मला ती नेहमी उलटी ऐकू येते. तो घोडा मठ्ठ ठरला म्हणे! अहो, समोरच्या अनोळखी माणसाच्या मानेतला केसभर हललेला ताण तो वाचत होता, जो हलवणाऱ्याला स्वतःला माहीत नव्हता. फुंग्स्टला युक्ती कळल्यावरसुद्धा स्वतःच्या हालचाली पूर्ण दाबता येईनात. गणितात नापास, पण माणूस वाचण्यात आपल्यापैकी कोण त्याच्या जवळपास जाईल?

2016 मध्ये ससेक्स विद्यापीठातल्या लोकांनी घोड्यांना माणसांचे मोठे फोटो दाखवले, हसरे आणि रागीट. रागीट फोटो दिसला की घोडे डाव्या डोळ्याने बघायला वळायचे आणि हृदयाचे ठोके लवकर वर जायचे. (डाव्या डोळ्याचं बहुतेक सगळं उजव्या मेंदूकडे जातं, धोक्याची गोष्ट बरेच प्राणी त्या बाजूने बघतात.)

मी जनावरांची डॉक्टर आहे. आमच्याकडे भावना वाचणं हा हौसेचा विषय नाही, चुकलं तर चावा बसतो. शेपूट हलतेय म्हणून "नाही हो, फ्रेंडली आहे" म्हणणारे मालक रोज भेटतात. शेपूट हलणं म्हणजे एवढंच की जनावर जागं आणि उत्तेजित आहे. सैल, सगळं ढुंगण हलवणारी शेपूट वेगळी आणि ताठ उभी, टोकाशी थरथरणारी वेगळी. इटलीतल्या एका गटाने 2007 मध्ये बारीक मोजमाप करून दाखवलं की मालक दिसला की कुत्र्याची शेपूट उजवीकडे जास्त झुकते आणि अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. टेबलावर बसून हे मोजायला मला वेळ नसतो, मी आधी तोंड बघते. घट्ट मिटलं असेल आणि अंग अचानक थिजलं असेल तर हात मागे.

भाषावेडी

धागा भारी चाललाय. माझं थोडं अवांतर.

गंमत बघा, आपल्याला शेपूट नाही, पण आपण शेपूट घालतो. कान हलवता येत नाहीत पण टवकारतो. फणा नाही पण काढतो, डूख धरतो, गुरगुरतो, दात विचकतो, नाक फेंदारतो. माणसाच्या भावना सांगायला भाषेने अख्खं जनावराचं अंग उसनं घेतलंय. म्हणजे आपल्या आधीच्या लोकांनी निरीक्षण केलंच होतं, आणि 'शेपूट घालणे' चा अर्थ त्यांनी पश्चात्ताप असा नाही केला हां, भिऊन माघार असाच केला! बंड्याच्या केसमध्ये म्हण जिंकली, आपण हरलो.

दुसरं, 'अंगावर काटा येणे'. नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितलेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. थिजणं, घाम, काटा, आवाज फाटणं, थरथर, रंग उडणं, डोळ्यात पाणी, शुद्ध हरपणं. हातवारे शिकवता येतात, पण हे आतून यावे लागतात. आता ह्यातलं अश्रू सोडलं तर बाकी किती गोष्टी घाबरलेल्या जनावरात जशाच्या तशा दिसतात बघा. चवताळलेल्या मांजराच्या अंगावरचे केस उभे राहतात तोच आपला रोमांच, फक्त आपल्याकडे केस उरले नाहीत, नुसता काटा उरला. डार्विनने 1872 मध्ये भावनांच्या अभिव्यक्तीवर जे पुस्तक लिहिलं त्यात हा केस उभे राहण्याचा मुद्दा सविस्तर आहे.

जरा_थांबा

हे आवडलं. (शंका नाही, चक्क आवडलं.)

टिचकी

पण डॉक्टर, कुत्र्या-घोड्यांचं सोडा, माणसांचं तरी आपल्याला कुठे कळतं? पॉल एकमन हा मानसशास्त्रज्ञ 1960 च्या दशकाच्या शेवटी पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांकडे फोटो घेऊन गेला, ज्यांचा बाहेरच्या जगाशी फारसा संबंध आला नव्हता. छोटी गोष्ट सांगायची आणि त्यातल्या माणसाचा चेहरा कुठला ते फोटोतून निवडायला लावायचं. बहुतेक जुळले, भीती आणि आश्चर्य ह्यात मात्र घोळ झाला. त्यावरून "मूलभूत भावना सगळीकडे सारख्या" हे चित्र पक्कं झालं. आता लिसा फेल्डमन बॅरेट वगैरे मानसशास्त्रज्ञ मंडळी म्हणतात की थांबा, माणसं रागावली की आठ्या घालतातच असं नाही आणि आठ्या घातल्या म्हणजे राग असतोच असंही नाही. कधी तो नुसता विचारात असतो, कधी चष्मा घरी विसरलेला असतो.

माझ्या बायकोचा 'काही नाही' वाला चेहरा मला लग्नाला बारा वर्षं होऊन वाचता येत नाही, आमची मांजर मात्र तो चेहरा दिसला की खोली सोडते.

अडाणी_आनंद

मांजराकडून शिकवणी लावा.

खारूताई

टिचकी +१. आणि हसण्याचं तर विचारूच नका. चिंपांझीचे दात दाखवणारे 'हसरे' फोटो आपण गोड गोड म्हणून एकमेकांना पाठवतो, पण ते वरचे-खालचे दात उघडे करून ओठ ताणणं बहुतेक वेळा भीतीचं, शरणागतीचं असतं. खेळताना त्यांचा चेहरा वेगळा असतो, तोंड सैल उघडं, वरचे दात बरेचदा झाकलेले आणि धापा टाकल्यासारखा आवाज. आणि माकडांच्या डोळ्याला डोळा लावून तुम्ही प्रेमाने हसलात तर त्याला त्यात धमकी दिसू शकते, मग ते अंगावर आलं की आपण म्हणणार माकड माजलंय.

खरं हसू म्हणाल तर याक पांकसेप ह्या मेंदू-संशोधकाचे उंदीर. 1990 च्या दशकाच्या शेवटी त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी उंदरांना गुदगुल्या केल्या, ते साधारण 50 किलोहर्ट्झवर चिवचिवायला लागले. आपल्या कानाची धाव 20 च्या पुढे नाही, म्हणून खास यंत्र लावून ऐकावं लागतं. हात बाजूला नेला की उंदीर हाताच्या मागे पळायचे, अजून कर म्हणून! घाबरल्याचा आवाज वेगळा, तो 22 किलोहर्ट्झच्या आसपास. म्हणजे ह्या घरात हसणं-रडणं सगळं चाललेलं असतं आणि आपल्याला वाटतं कपाटामागे शांतता आहे.

मनीमाऊ

आता आलात ना लायनीवर. आणि तो ओर्का मासा? 2018 मध्ये एक आई मेलेलं पिल्लू 17 दिवस ढकलत फिरली. ते पण 'साध्या क्षमतेने' समजवा.

जरा_थांबा

मासा नाही, सस्तन, डॉल्फिनच्या कुळातला :) बाकी ती घटना मलाही माहितेय, जे35 हा तिचा क्रमांक, पिल्लू जन्मल्यावर थोड्याच वेळात गेलं आणि ती ते घेऊन 1600 किलोमीटरहून जास्त पोहली. पिल्लू निसटून बुडायला लागलं की खाली जाऊन परत वर आणायची. त्यानंतरही एकदा तिचं दुसरं पिल्लू गेलं तेव्हा तिने हेच केलं.

खरं सांगू? ह्याला शोक म्हणायचं नाही तर काय म्हणायचं, माझ्याकडेही शब्द नाही. मॉर्गन साध्या उलगड्याचं म्हणतो, पण सतरा दिवस हा साधा उलगडा नाही. माझी तक्रार ह्याला नाहीच आहे. माझी तक्रार आपल्याला *सोयीच्या* भावना चिकटवण्याला आहे. आपल्या चपलेची चूक झाली की कुत्र्याला पश्चात्ताप, आणि त्याच कुत्र्याला दिवसभर एकटं कोंडलं की "तो काय, झोपतो आरामात".

मनीमाऊ

बरं. ह्या वाक्याला सहमत. आजच्यापुरतं.

खिडकीतली

सगळ्यांचे प्रतिसाद वाचतेय. डॉक्टर, एक विचारायचं होतं, म्हणजे खरं तर धागा काढण्यामागे बंड्या अर्धाच होता.

बंड्याच्या आधी आमच्याकडे चिमी होती, मांजर. चौदा वर्षांची झाली होती. शेवटच्या आठवड्यात ती सारखी माझ्या मांडीवर यायची, पाय पोटाखाली दुमडून बसायची, डोळे अर्धे मिटलेले, आणि घुरघुर चालू. इतकी की मांडीला कंप जाणवायचा. मी सगळ्यांना फोनवर सांगत होते की थकलीये पण समाधानी आहे. कमी खात होती तर वाटलं वयामुळे. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, हिला बरेच दिवस दुखत असणार. मी म्हटलं अहो पण ती घुरघुरते! ते काही बोलले नाहीत, माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. तिसऱ्या दिवशी गेली.

घुरघुरणं म्हणजे सुख नाही का?

सुई_टोचक

असतं, बहुतेक वेळा असतंच. पण फक्त सुख नाही. मांजरं जखमी असताना, विताना, अगदी शेवटच्या घटकेलाही घुरघुरतात. का, ह्यावर वेगवेगळी मतं आहेत, कुणी म्हणतं स्वतःला शांत करायला, कुणी म्हणतं जवळच्याला धरून ठेवायला. घुरघुरीतही प्रकार असतात. कॅरेन मॅककोंब ही संशोधिका आणि तिच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये दाखवलं की काही हवं असलं की मांजर घुरघुरीच्या आत एक बारीक रडका सूर मिसळते, आणि मांजर कधीच न पाळलेल्या लोकांनाही ती घुरघुर जास्त निकडीची वाटते.

दुखणं ओळखायला आम्ही चेहरा बघतो. कान थोडे बाहेर वळून चपटे होतात, डोळे बारीक होतात, मिशा ताठ सरळ, तोंडाचा भाग आवळल्यासारखा, डोकं खांद्याच्या रेषेच्या खाली. चेहऱ्यावरून दुखणं मोजायची अशी पट्टी उंदरांसाठी 2010 मध्ये आली, मग बाकी प्राण्यांसाठीही आल्या, मांजरांसाठी पण आहे. तुम्ही वर्णन केलंत ते पाय दुमडून, डोळे अर्धे मिटून बसणं झोपाळू मांजराचं पण असतं आणि दुखणाऱ्याचंही. बाहेरून बघणाऱ्याला फरक लगेच कळत नाही, मलाही पहिली काही वर्षं कळायचा नाही.

एवढं मात्र सांगते, ती मांडीवर येत होती. आजारी मांजरं सहसा लपतात. बाकी तिला काय वाटत होतं ते मी सांगू शकत नाही.

खिडकीतली

धन्यवाद डॉक्टर. आज एवढंच लिहिते.

भाषावेडी

घुरघुर आणि गुरगुर, दोन्हीत फरक फक्त अक्षराचा. ताई, मिठी.

शेपूटवाला

विषय थोडा हलका करतो. मांजराशी बोलायची एक रीत शिकण्यासारखी आहे. 2020 मध्ये ससेक्सच्याच गटाने तपासलं: मांजराकडे बघून डोळे हळूच बारीक करायचे, सावकाश मिटायचे, सावकाश उघडायचे. मांजरंही तसेच डोळे मिटून उत्तर देतात आणि अनोळखी माणसाने असं केलं तर त्याच्या हाताकडे यायचं प्रमाण वाढतं. टक लावून बघायचं नाही, ती दादागिरी झाली.

आणि कुत्र्यांनी तर आपल्यासाठी चेहराच बदलून घेतलाय. भुवईची आतली बाजू वर उचलणारा एक स्नायू कुत्र्यांमध्ये चांगला वाढलेला असतो, लांडग्यांमध्ये जवळपास नसतोच, हे 2019 मध्ये छापून आलं. तो केविलवाणा 'मी बिचारा' लुक आहे ना, तो त्या स्नायूचा. ज्यांना तो जमला त्यांना आपण हजारो वर्षं जवळ केलं असणार. म्हणजे आपण त्यांचा चेहरा नीट वाचत नाही, पण त्यांचा चेहरा घडवला मात्र आपणच.

टिचकी

डोळे मिटायचं आमच्या मांजरावर करून बघितलं. तिने पाठ फिरवली. बायकोवर केलं, ती म्हणाली डोळ्यात काही गेलंय का.

खिडकीतली

अपडेट द्यायला आले.

काल परत कामावर तसंच झालं, तोच माणूस, तेच भांडण. पण ह्या वेळी ठरवून आले. दाराबाहेर दोन मिनिटं थांबले, श्वास घेतला, चावी शांतपणे लावली, दार हळू उघडलं, चेहऱ्यावर मस्त हसू, आवाज एकदम गोड, "बंड्याऽऽ".

बंड्या आला. माझ्या हाताचा वास घेतला, मग मनगटाचा, मग परत हाताचा. वर माझ्या तोंडाकडे बघितलं. ओठ चाटले. आणि शेपूट खाली घालून हळूहळू चालत सोफ्यामागे जाऊन बसला.

सुई_टोचक

चेहरा बदललात, घाम कसा बदलणार? 2022 मध्ये बेलफास्टमधल्या एका प्रयोगात कुत्र्यांना एकाच माणसाचे दोन नमुने दिले होते, घाम आणि श्वासाचे, गणिताचा ताण देण्याआधीचा आणि नंतरचा. ताणाचा कुठला ते त्यांनी दहातल्या नऊहून जास्त वेळा बरोबर ओळखलं.

भाषावेडी

स्वेद. सात्त्विक भाव क्रमांक दोन :)

खिडकीतली

मग मी पण सोफ्यामागे जाऊन बसले. त्याच्याकडे न बघता, पाठ टेकून. बऱ्याच वेळाने त्याने हनुवटी माझ्या पायावर ठेवली. नवरा आला, आम्हाला दोघांना तिथे बघून म्हणाला, आज कुणी काय केलंय?